द्रौपदीने वाद्यवृंद जगवला

श्यामकांत परुळेकर एक ना एक दिवस आपल्या दारात येईल, स्वतःच्या पायांनी येईल आणि काहीतरी मागायला येईल, हे द्रौपदी ओव्हाळने मनात पक्कं धरलं होतं. त्यासाठी तिने नवस केला नव्हता; देवदेव तिच्या घरातून सासऱ्यांच्या काळातच गेले होते. ती नुसती वाट बघत होती. खानावळ चालवणाऱ्या बाईला वाट बघणं शिकवावं लागत नाही. डाळ तिच्या वेळेनेच शिजते.

शहाऐंशी सालच्या हिवाळ्यात, दुपारची जेवणं उरकल्यावर, तो आला. विमला बाहेर भांडी घासत बसली होती. विमला शेजारच्या बिऱ्हाडातली. नवऱ्याची गिरणी संपात गेली तेव्हापासून द्रौपदीच्या हाताखाली पोळ्या लाटायची. ती राखेचे हात तसेच घेऊन आत आली आणि हळूच म्हणाली, “मास्तर आलेत गं. परुळेकर मास्तर. चपला काढून उभे आहेत.”

“राहू दे उभे,” द्रौपदी म्हणाली.

तिने स्टोव्ह विझवला, ओटा पुसला, पातेल्यांवर झाकण्या ठेवल्या. पदर सारखा केला. मग म्हणाली, “ये म्हणावं आता.”

विक्रोळीच्या त्या वसाहतीत परुळेकर मास्तर कोण, हे कोणाला सांगावं लागत नसे. कारखान्यातले कामगार गोळा करून त्यांनी कामगार वाद्यवृंद उभा केला होता. सिनेमातली गाणी म्हणायची आणि मधे मधे नकला करायच्या, तसला ऑर्केस्ट्रा नव्हे. इथे गाणारं कोणी नव्हतंच. व्हायोलिनवाल्यांची रांग, क्लॅरिनेट, ट्रंपेट, गुडघ्यांत धरून वाजवायचा भलामोठा चेलो, असे सगळे कागदावरचे सूर वाचून एकदम वाजवत, आणि समोर मास्तर हातात बारीक पांढरी छडी घेऊन उभे. वाजवणारे कोण, तर फिटर, टर्नर, पॅकिंग खात्यातली माणसं. पाळी सुटली की अंघोळ करून वसाहतीच्या हॉलमध्ये जमायची. वर्षातून एकदा मैदानात मोठा कार्यक्रम व्हायचा, तो ऐकायला घाटकोपर-मुलुंडहून माणसं यायची. परुळेकर स्वतः त्याच कारखान्यात हिशेबखात्यात होते. लग्नाच्या बायकोपेक्षा वाद्यवृंदावर त्यांचा जीव जास्त, असं लोक म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

द्रौपदीचा नवरा भीमराज या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचा. मूळचा तो आष्टीकडचा. मुंबईत आला तेव्हा घाटकोपरच्या एका ब्रास बँडमध्ये लागला. लाल कोट घालायचा, वरातीपुढे चालायचं, मिळेल ते जेवायचं. एकदा एका वरातीत परुळेकरांनी त्याला ऐकलं आणि वरात संपेपर्यंत ते मागे मागे चालत गेले. दुसऱ्या दिवशी त्याला घरी बोलावलं. कारखान्यात चिकटवला. सूर वाचायला शिकवले. हे सगळं द्रौपदीला माहीत होतं आणि ती ते नाकारत नव्हती. ज्याने हात धरून वर घेतलं त्यानेच खाली लोटलं, म्हणून तर जखम खोल होती.

झालं ते असं. एका वर्षी भीमजयंतीच्या मिरवणुकीला ठरवलेला बँड ऐन वेळी आलाच नाही. दुसरीकडे जास्त बिदागी मिळाली असेल. मिरवणूक स्टेशनजवळ खोळंबली, पोरं हिरमुसली, म्हातारी माणसं उन्हात टेकली. भीमराज घरी गेला आणि क्लॅरिनेट घेऊन आला. दोन ढोलकीवाले मिळाले. स्टेशनपासून वसाहतीपर्यंत तो एकटा वाजवत चालला. द्रौपदी बायकांत चालत होती. त्या दिवशी तिने नवऱ्याकडे जसं बघितलं तसं लग्नातही बघितलं नव्हतं.

पुढच्या तालमीला ती त्याचा डबा घेऊन हॉलच्या दारात पोचली, तेव्हा आत सगळे गप्प होते. मास्तर भीमराजसमोर उभे होते.

“हे वाद्य वाद्यवृंदाचं आहे,” ते म्हणत होते. “रस्त्यात फुंकायला दिलेलं नाही. मी तुला रस्त्यावरून उचलून आणला, भीमराज. तुला रस्ताच गोड लागतो तर रस्त्यावरच वाजव.”

त्यांनी त्याच्या हातातून क्लॅरिनेट घेतलं. खिशातून स्पिरिटची बाटली काढली, कापसाने तोंडाकडची बाजू घासून घासून पुसली आणि शेजारच्या जयवंतच्या हातात दिलं. जयवंत तेव्हा नुकता लागलेला, मिसरूड फुटलेला मुलगा. तो खाली मान घालून बसला. कोणीच काही बोललं नाही. एवढ्या माणसांपैकी एकही नाही.

द्रौपदी ते पुसणं विसरली नाही. ओठ लागलेली जागा पुसली. कोणाचे ओठ म्हणून पुसली?

भीमराज मात्र रागावला नाही. घरी येताना म्हणाला, “मास्तरांचं वाद्य, मास्तरांनी घेतलं. चूक माझी, विचारायला हवं होतं.” पुढे कारखान्यात जायचा, यायचा, जेवायचा. जेवताना त्याची डाव्या हाताची बोटं ताटाच्या काठावर आपोआप वर-खाली व्हायची. ती दिसली की द्रौपदी आपलं ताट बाजूला सारायची. तो रागावला असता, एकदा दारू पिऊन मास्तरांच्या दारात जाऊन शिव्या देऊन आला असता, तर कदाचित तिचं तिथेच निवलं असतं. त्याने राग केला नाही, म्हणून तो सगळा तिच्या वाट्याला आला.

दोन वर्षांनी भीमराज काविळीने गेला. नेमका वाद्यवृंदाच्या वार्षिक कार्यक्रमाच्या दिवशी. लोकांनी मास्तरांना सांगितलं, तर ते म्हणाले, वाईट झालं, पण कार्यक्रम जाहीर झालाय, पाहुणे निघालेत. स्मशानातून माणसं परतली आणि बायका द्रौपदीभोवती बसल्या, तेव्हा मैदानातल्या कर्ण्यांतून व्हायोलिनं घरात येत होती. मधेच क्लॅरिनेट वाजलं. बायकांनी खिडक्या लावल्या. द्रौपदी म्हणाली, “उघड्या ठेवा. ऐकू दे मला.” तिने शेवटच्या टाळ्यांपर्यंत ऐकलं.

पोरबाळ नव्हतं. तिने खानावळ काढली. ब्याऐंशीच्या संपात लालबाग-परळकडची कितीतरी माणसं हाताला काम शोधत विक्रोळीला आली, ती तिच्याकडे जेवली. ज्याच्याकडे असेल त्याने द्यावं, नसेल त्याने पाणी भरावं, असा तिचा हिशेब. मीठ खाल्लेली माणसं विसरली नाहीत. रहिवासी संघाची निवडणूक आली तेव्हा बायकांनी तिला उभी केली, आणि ती पडायचा प्रश्नच नव्हता. पुढे पुढे असं झालं की संघाचा अध्यक्ष कोणी का असेना, नळाची पाळी असो नाहीतर जिन्यातला दिवा, लोक विचारायचे, “द्रौपदीताई काय म्हणते?”

आणि आता परुळेकर तिच्या समोर बाकड्यावर बसले होते. म्हातारे झाले होते. शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली होती. तोंडावर ती त्यांना मास्तरच म्हणायची. मनात नुसता परुळेकर.

तिने चहा दिला. ते पितात का, हे बघत राहिली. ते प्यायले, पूर्ण प्यायले.

“बाई, कारखान्याने देणगी बंद केली,” ते म्हणाले. “अर्धी माणसं नोकरीतून कमी झाली, ती तालमीला येतात पण येताना लाजतात. वाद्यं दुरुस्तीला आलीत. आता संघाचा हॉल आणि संघाच्या वर्गणीतला वाटा, एवढंच उरलंय. आणि ऐकतो की तेही काढून घ्यायचं चाललंय.”

“पोरांना हॉल हवाय. अभ्यासाला, व्हिडिओला.”

“हो. रविवारच्या सभेत ठरणार. सगळे म्हणतात, तुम्ही म्हणाल तसं होईल.”

द्रौपदीने समोरचा पाण्याचा तांब्या बाजूला सारला. मग विचारलं, “मास्तर, तुम्ही ते का पुसलंत?”

कशाबद्दल म्हणून त्यांनी विचारलं नाही. म्हणजे त्यांनाही आठवत होतं. “मी सगळ्यांचंच पुसतो, बाई. वाद्य एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं की पुसतो. आरोग्याचं आहे ते.”

“त्याआधी मी कधी बघितलं नाही.”

“तुम्ही तालमीला कुठे यायचात?”

हे खरं असेल किंवा नसेल. तिला ते कधीच कळणार नव्हतं, आणि त्याचाही तिला राग आला.

“त्याच्याइतका चांगला क्लॅरिनेटवाला मला पुन्हा मिळाला नाही,” मास्तर म्हणाले. “पण शिस्त ती शिस्त. एकाला सोडलं की वाद्यवृंद राहत नाही.”

त्या माणसाने चार शब्द वेगळे उच्चारले असते तर काय झालं असतं, कोणास ठाऊक. द्रौपदी उठली, त्यांचा रिकामा कप उचलला आणि म्हणाली, “रविवारी या सभेला. बघू.”

ते गेल्यावर विमला म्हणाली, “आता बंद पडणार म्हातारा.”

“पडेल,” द्रौपदी म्हणाली. पण ते म्हणताना तिला हवं तसं समाधान झालं नाही. बंद पडला की लोक हळहळतील. सत्काराला शाल देतील. काय वाद्यवृंद होता, काय मास्तर होते, असं पुढची वीस वर्षं बोलतील. मेलेल्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात. भीमराजबद्दलही बोलले होते. ती रविवारपर्यंत कणीक मळताना, भाजी निवडताना हेच चघळत राहिली.

सभेला हॉल भरला होता. अंबादास आधी उठला. बी.कॉम. होऊन घरी बसलेला मुलगा, बोलायला तिखट, पण मनाचा सरळ.

“मला मास्तरांबद्दल आदर आहे,” तो म्हणाला. “पण विचार करा. दर दोन घरांआड एकाची नोकरी गेलीय. पोरं जिन्याखाली बसून अभ्यास करतात, आणि आपला एकुलता एक हॉल रोज संध्याकाळी व्हायोलिनला. ऐकायला कोण येतं? वसाहतीत आता टीव्ही आहेत, गणपतीत लोक व्हिडिओ मागतात. ज्यांना ऐकायचंय त्यांनी तिकीट काढून ऐकावं. सगळ्यांच्या वर्गणीतून का?”

टाळ्या पडल्या. मग म्हातारी सोनूबाई उठली. मालवणकडची, आयुष्य गिरणगावात काढून संपाच्या वेळी नवऱ्यासह मुलाकडे इथे आलेली.

“माझो घोव संपात घराक बसलो,” ती म्हणाली, “तेव्हा दिवसभर भितीकडे बघीत ऱ्हवायचो. सांजच्या वक्ताक हंयसर वाजूक लागला की उठान तोंड धुयायचो. वाजवूचा तेका येय नाय आणि समजायचाय नाय. पण उठायचो. ह्याची किंमत तुम्ही कशी करतलात, ता माका सांगा.”

यावरही काही जणांनी टाळ्या वाजवल्या. मग थोडी बाचाबाची झाली. कोणी म्हणालं, पोटाला नाही तिथे सूर कसले. कोणी म्हणालं, पोटाला नाही म्हणून सूरही नाही, मग राहिलं काय माणसाकडे. शेवटी सगळ्यांच्या माना द्रौपदीकडे वळल्या. परुळेकर शेवटच्या रांगेत, हात मांडीवर ठेवून बसले होते.

“वाद्यवृंद जगायला पाहिजे,” द्रौपदी म्हणाली.

हॉलमध्ये कुजबुज झाली. विमलाने तर चमकून तिच्याकडे बघितलं.

“हॉल सकाळ-दुपार पोरांना अभ्यासाला, संध्याकाळी वाद्यवृंदाला. वर्गणीही द्यायची. पण अंबादास म्हणतो ते बरोबर आहे. वर्गणी सगळ्यांची, तर वाद्यवृंदही सगळ्यांचा. ज्या घरातून वर्गणी येते त्या घरचं लग्न, हळद, बारसं असेल तिथे वाजवायचं. गणपतीत वाजवायचं. आणि भीमजयंतीला मिरवणुकीच्या पुढे, स्टेशनपासून इथपर्यंत, रस्त्यावर, चालत. सगळे. मास्तरांसकट.”

तिने शेवटचे शब्द सावकाश उच्चारले. मग ती मागच्या रांगेकडे वळली. “चालेल ना, मास्तर?”

मास्तर उभे राहिले. त्यांचा रंग उतरला होता. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं असावं. पण त्यांची सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती, कमी केलेले फिटर आणि टर्नर, व्हायोलिनच्या पेट्या मांडीवर घेऊन. त्यांनी मान हलवली आणि खाली बसले.

ठराव एकमताने झाला. अंबादाससुद्धा खूश झाला.

घरी जाताना विमला म्हणाली, “मला वाटलं तू माफ केलंस.”

“माफ?” द्रौपदी हसली. “मेला असता तर सुटला असता. आता माझ्या वर्गणीवर जगेल.”

तिने एवढ्यावर सोडलं नाही. घाटकोपरला जाऊन बँडवाल्यांचे कपडे शिवणारा शिंपी शोधला. भीमराज ज्या बँडमध्ये होता त्याचाच शिंपी. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणं. बाकीच्यांना साधे पांढरे शर्ट ठरले. कोट एकट्या मास्तरांना. “पुढे चालणारा उठून दिसायला नको का?” असं तिने संघात सांगितलं, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मिरवणुकीचा रस्ताही तिने वळवून घेतला. नेहमीच्या रस्त्याने न जाता ती परुळेकरांच्या नातेवाइकांच्या सोसायटीवरून जाणार होती. ते लोक दर दिवाळीला मास्तरांना फराळाला बोलवायचे आणि चारचौघांत आमचे संगीतकार म्हणून ओळख करून द्यायचे.

एप्रिलचं ऊन कसं असतं ते विक्रोळीकरांना माहीत आहे. डांबर मऊ होतं. त्या उन्हात श्यामकांत परुळेकर लाल कोट घालून रस्त्यावर उभे राहिले. कोट खांद्यात सैल होता. चेलो हातगाडीवर चढवला होता आणि वाजवणारा गाडीवर स्टूल टाकून बसला होता. पोरं आधी खिदळली. मास्तरांनी छडी उचलली. द्रौपदी बायकांच्या पहिल्या रांगेत, अशी जागा धरून की मास्तरांची पाठ तिला सगळा वेळ दिसेल.

चालत वाजवायची सवय कोणालाच नव्हती. सुरुवातीला सगळं विस्कटलं. व्हायोलिनवाले एकमेकांना धडकत होते. मग हळूहळू पावलं जमली, आणि पावलं जमली तशी वाजवणीही जमली. नातेवाइकांच्या सोसायटीपाशी माणसं गॅलरीत आली. त्यांतली एक बाई तोंडावर हात ठेवून आत गेली, हे द्रौपदीने बघितलं. मास्तरांनीही बघितलं. त्यांच्या कोटाच्या पाठीवर घामाचा मोठा काळा डाग पसरत गेला. द्रौपदी त्या डागाकडे बघत चालली. कितीतरी वर्षांनी तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

मिरवणूक संपल्यावर मास्तर एका दुकानाच्या पायरीवर टेकले. बूट काढले होते. द्रौपदी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“पुढच्या वर्षी पण,” ती म्हणाली.

“येईन,” ते म्हणाले.

वाद्यवृंद जगला तो असा. मे महिन्यात वसाहतीतली लग्नं वाजवली, मग शेजारच्या वसाहतींतली आमंत्रणं आली, मग कांजूरमार्ग, भांडुप. बाहेरच्यांकडून बिदागी मिळू लागली, वाद्यं दुरुस्त झाली. अंबादास त्या सगळ्याची व्यवस्था बघू लागला आणि कधी नव्हे तो कामाला लागला. नवी पोरं शिकायला आली, त्यांत बौद्धवाड्यातली होती, कोकणातली होती. लोक द्रौपदीला म्हणत, तुझ्यामुळे वाचलं. मास्तरांना हळदीच्या मांडवात, जेवणाऱ्यांच्या गर्दीत छडी हलवताना बघायला ती आवर्जून जायची.

दुसऱ्या वर्षीही जयंतीला मास्तर चालले. तिसऱ्या वर्षी, हिवाळा संपता संपता, ते आजारी पडल्याचं कानावर आलं. छातीत पाणी झालं होतं. द्रौपदी त्यांच्या घरी गेली. येणार की नाही ते तिला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. नाही म्हणाले असते तर तिने त्यांना हातगाडीवर बसवून नेलं असतं. तिने तेही ठरवून ठेवलं होतं.

दार त्यांच्या बायकोने, जानकीबाईंनी उघडलं. मास्तर झोपले होते. एका खोलीचं घर; खुंटीला तो लाल कोट, वरून धुतलेलं जुनं लुगडं पांघरून ठेवलेला.

“या बाई, बसा,” जानकीबाई हळू आवाजात म्हणाल्या. “तुम्ही आलात हे बरं झालं. डॉक्टर नको म्हणतात, तरी त्यांना जयंतीला जाऊ द्या. तुम्ही सांगितलंत तर डॉक्टरही ऐकतील. तेवढ्यासाठीच तर ते उठून बसतात.”

“कशासाठी?”

“मिरवणुकीसाठी. पहिल्या वर्षी घरी आले, पायाला हे फोड. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. तर म्हणाले, जानकी, आज किती माणसांनी ऐकलं गं. गॅलऱ्यांतून, गच्च्यांवरून. मी आयुष्यभर दार लावून वाजवत बसलो. तेव्हापासून वर्षभर हाच विषय. कोटाला हात लावू देत नाहीत, स्वतः ब्रश मारतात.” त्यांनी पदराने डोळे टिपले. “तुमचे फार उपकार आहेत बाई आमच्यावर.”

द्रौपदी त्या घरातून कशी बाहेर पडली ते तिला आठवलं नाही. रस्त्याने चालताना तिची कानशिलं तापली होती. दोन वर्षं ती समजत होती की आपण त्याला भाजतोय, आणि तो शेकत बसला होता. जे भीमराजला एकदा करू दिलं नाही, ते हा दर वर्षी करणार, वर त्याचा अभिमान बाळगणार, आणि उपकार मानणार. तिनेच दिलं होतं त्याला ते. स्वतःच्या हाताने वाढलं होतं.

तिने घाई केली नाही. संघाच्या बैठकीत तिने मास्तरांच्या तब्येतीची काळजी बोलून दाखवली. आता दगदग नको, जयवंत तयार झालाय, त्याने पुढे उभं राहावं. सगळ्यांना ते पटलं, उलट बाईचं मन किती मोठं असं वाटलं. मास्तर थोडे बरे होऊन तालमीला आले, त्या संध्याकाळी द्रौपदी हॉलमध्ये गेली. सगळे आपापल्या जागी बसले होते. मास्तर छडी घेऊन समोर उभे, वाळून अर्धे झालेले, पण डोळे चकचकीत.

“मास्तर, छडी द्या,” ती म्हणाली.

“का?”

“संघाचं ठरलंय. यापुढे जयवंत.”

“मी चालू शकतो, बाई. डॉक्टरांना विचारा.”

“चालत असाल. पण छडी संघाची आहे. वर्गणीतली आहे. जयवंत, ये पुढे.”

जयवंत उठला नाही. तो आता पोराबाळांचा बाप झाला होता, पण त्याने पुन्हा तशीच मान खाली घातली. याही वेळी कोणी बोललं नाही. मास्तरांनी हातातल्या छडीकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांना समजलं होतं. तिला हवं होतं तेवढं सगळं समजलं होतं.

“त्यापेक्षा तेव्हाच बंद पाडला असतात,” ते म्हणाले.

“म्हणूनच नाही पाडला,” द्रौपदी म्हणाली आणि हात पुढे केला.

त्यांनी छडी तिच्या हातात ठेवली. बाहेर जाताना त्यांना दाराची कडी सापडेना. कोणीतरी उठून उघडून दिली.

त्या एप्रिलला मिरवणूक जयवंतने नेली. वाद्यवृंद चांगला वाजला. परुळेकरांच्या इमारतीवरून जाताना काही जणांनी वर बघून हात केला. द्रौपदीने वर बघितलं नाही. बघायची गरज वाटली नाही, असं ती म्हणायची.

विमलाने तिला एकदाच विचारलं, “आता तरी पुरे ना?”

“भीमराजच्या वेळी कोणी म्हटलं होतं का, पुरे म्हणून?”

“नव्हतं म्हटलं. म्हणून मी म्हणते.” विमलाने लाटणं ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर आली नाही. पोळ्या द्रौपदी एकटीच लाटू लागली. पुढे काही लोक तिच्याशी जपून बोलायला लागले. हॉलमध्ये काय घडलं ते हळूहळू पसरलं होतं. पुढच्या निवडणुकीला ती उभी राहिली नाही. पस्तावलीस का, असं कोणी आडून विचारलंच, तर ती सरळ नाही म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला ते खरंच वाटायचं.

मास्तर त्यानंतर वर्षभर होते, पण घरातच. त्यांना काही जेवण जाईना, तेव्हा जानकीबाई खानावळीत यायला लागल्या. द्रौपदीची पातळ आमटी तेवढी मास्तरांच्या घशाखाली उतरायची. द्रौपदी रोज डबा भरायची. त्यांच्यासाठी तिखट कमी घालून वेगळी आमटी करायची, वर मऊ भात, कधी लिंबाची फोड. पैसे घ्यायची नाही. अन्नाला तिने कधी कोणाला नाही म्हटलं नव्हतं.

एके दिवशी जानकीबाई डबा हातात घेऊनही थांबल्या.

“बाई, एक मागते. त्यांना एकदा हॉलमध्ये येऊ द्या. छडी नको, काही नको. नुसतं कोपऱ्यात बसून ऐकतील.”

द्रौपदीने डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून बसवलं.

“आमटी गरम आहे,” ती म्हणाली. “कडीला फडकं धरून न्या.”